चंदनदासाचा नकार

तत्त्वासाठीं मरण पत्करणाऱ्या नाट्यपात्रांची गोष्ट निघाली कीं सुशिक्षित वाचकास प्रथम सॉफोक्लीझची अँटिगनी आठवते. भावाच्या प्रेतास मूठमाती देऊं नये ही राजाज्ञा तिनें उघड मोडली, आणि इ. स. पूर्व ४४१ च्या सुमाराच्या त्या नाटकांत ती खरोखरच मरते. आमच्या संस्कृत नाटकांत शेवट गोड होतो, सबब आमच्या कवींनीं हा प्रश्न टाळला, असा आक्षेप त्यावरून घेतात. भासाचें ‘ऊरुभंग’ सोडल्यास वस्तुस्थिति बहुधा तशीच आहे. निष्कर्ष मात्र आम्हांस मान्य नाहीं. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसां’तील चंदनदास पाहावा.

हा राजपुत्र नव्हे, ऋषिहि नव्हे. कुसुमपुरांतला एक जवाहिऱ्या. नंदांचा उच्छेद झाल्यावर अमात्य राक्षस आपलीं घरचीं माणसें या मित्राच्या हवालीं करून नगर सोडून गेला. इ. स. पूर्व ३२१ च्या सुमारास चंद्रगुप्त गादीवर आला हा इतिहास. चंदनदास मात्र कवीचा. त्याच्या घरांतून एक मूल बाहेर डोकावतें, त्याला आंत ओढतांना एका स्त्रीच्या बोटांतली राक्षसाची मुद्रा गळून पडते आणि ती हेराच्या हातीं लागते. चाणक्य शेटजींना बोलावून त्या माणसांची मागणी करतो. अँटिगनी पहिल्या शब्दालाच कबुली देते. हा गृहस्थ प्रथम चक्क खोटें बोलतो. तीं येथें नाहींतच, मग पूर्वीं होतीं, कोठें गेलीं तें ठाऊक नाहीं! सर्व पळवाटा संपल्यावर मात्र तो सांगतो कीं, तीं घरांत असतीं तरी दिलीं नसतीं. भ्यालेल्या माणसाच्या तोंडचें हें वाक्य आम्हांस वीराच्या गर्जनेहून अधिक मोलाचें वाटतें.

चाणक्य वरून संतापतो, मनांत त्याला शिबि राजाची उपमा देतो. कां न देईल? राक्षसाला मारावयाचें नसून त्यालाच चंद्रगुप्ताचा अमात्य करावयाचें आहे. त्या डावांत पत्रें बनावट, स्नेही बनावट, चांडाळहि बनावट. खरा आहे तो एवढा एक नकार. चंदनदास फुटला असता तर राक्षसाला कुसुमपुरास ओढून आणणारें कांहींच उरलें नसतें.

सातव्या अंकांत तो सूळ खांद्यावर घेऊन येतो. हें मरण मित्रकार्यासाठीं आहे, स्वतःच्या अपराधानें नव्हे, म्हणून रडूं नको, असें तो पत्नीला सांगतो. मुलगा विचारतो, मीं काय करावें? जेथें चाणक्य नाहीं अशा देशांत राहा, हें उत्तर. मरणाच्या दारींहि व्यापाऱ्याचा व्यवहार सुटला नाहीं! चांडाळ चाणक्याचेच हस्तक आहेत हें प्रेक्षकांस ठाऊक असतें, त्याला नसतें. मग त्याचें मरण टळलें एवढ्यानें त्याच्या निश्चयाला उणेपणा कसा यावा?

इतक्यांत राक्षस धांवत येतो आणि मित्राच्या बदलीं स्वतःचा देह पुढें करतो. तो देह कोणालाच नको असतो. नंदांशीं इमान राखून मरावयास निघालेल्या त्या अमात्यासमोर चंद्रगुप्ताच्या सेवेचें शस्त्र धरतात. तें घेतलें तरच चंदनदास जगणार. राक्षस तें घेतो. चंदनदासाला सर्व नगरांचें श्रेष्ठिपद मिळतें.