नवोदित नेमबाजाची पहिली रायफल : निवड कशी करावी

पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या हाती होती ती पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाच्या नळीची रायफल. असे यश मिळाले की अनेक घरांत मुले नेमबाजीचा हट्ट धरतात आणि पालक शस्त्रविक्रेत्याकडे चौकशी सुरू करतात. प्रत्यक्षात पॉइंट टू टू रायफल ही या खेळाची पहिली पायरी नाही. बहुसंख्य नेमबाजांसाठी ती दुसरी पायरी असते आणि तसे असण्यामागे कायद्याची तशीच शरीराचीही कारणे आहेत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाजारात 'पॉइंट टू टू' हा शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक म्हणजे दारूच्या काडतुसावर चालणारी रायफल, जी ५० मीटरच्या स्पर्धेत वापरतात. दुसरी म्हणजे साडेपाच मिलिमीटरचा छर्रा उडवणारी एअर गन. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफल स्पर्धा साडेचार मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरच्या रायफलनेच खेळली जाते. साहजिकच साडेपाच मिलिमीटरची एअर गन या स्पर्धांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. 'मोठ्या बोअरची घ्या, मुलगा मोठा झाल्यावरही चालेल' हा दुकानातील सल्ला ऐकून ती घरी आणणारे पालक कमी नाहीत.

कायद्याचा भेदही येथेच आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअर रायफलचा बोअर साडेचार मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि जिच्या छर्ऱ्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० जूलपेक्षा अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलमधून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारणतः १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा जेमतेम साडेसात-आठ जूल भरते, त्यामुळे ती या मर्यादेत सहज बसते. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत मात्र जपून ठेवावी. रायफल घेऊन प्रवास करताना त्यांचा उपयोग होतो. याउलट पॉइंट टू टू रायफलची सुमारे अडीच ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. तिची ऊर्जा छर्ऱ्याच्या पंधरापटीहून अधिक असते आणि मोकळ्या जागेत ती एक किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. म्हणून ती कायद्याच्या दृष्टीने पूर्ण अर्थाने अग्निशस्त्र ठरते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ प्रमाणे २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस अग्निशस्त्र बाळगता येत नाही. खेळाडूंसाठी मात्र या नियमाला अपवाद आहे. विहित वय पूर्ण केलेल्या मुलांना प्रशिक्षणासाठी, विहित अटींवर शस्त्र वापरता येते. २०१६ च्या नियमांत हे वय १२ वर्षे असून पालक किंवा प्रशिक्षक यांची देखरेख बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफलचा परवाना देण्याची तरतूद आहे. थोडक्यात, परवान्याचा रस्ता क्लबमधूनच जातो. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालयात अर्ज करण्यापूर्वी क्लबचे सदस्यत्व आणि सरावाची नोंद हाताशी असावी. पूर्वतयारीविना केलेले अर्ज महिनोन्महिने रेंगाळतात.

भारतात या खेळाची सूत्रे भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेकडे आहेत. संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हेच तिचेही पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी होणारी अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. राज्य संघटना आणि जिल्ह्यांतील क्लब हे या रचनेचे पुढचे टप्पे आहेत. रायफल क्लबव्यतिरिक्त एनसीसी हाही एक मार्ग आहे. एनसीसीच्या छात्रांना पॉइंट टू टू रायफलवर गोळीबाराचे प्राथमिक शिक्षण मिळते, आणि अंजली भागवत यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय नेमबाजाची सुरुवातही एनसीसीतूनच झाली होती.

यावरून निघणारा पहिला व्यावहारिक सल्ला पालकांना बहुधा रुचत नाही. तो असा की, पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नये. बहुतेक क्लबांकडे प्रशिक्षणासाठी रायफली असतात. त्या जुन्या असतात, अनेक हातांतून गेलेल्या असतात, पण दम रोखणे, उभे राहण्याची पद्धत आणि चाप हळुवार दाबणे या गोष्टी त्यांच्यावर उत्तम शिकता येतात. स्पर्धेच्या दर्जाची आयात केलेली एअर रायफल दोन लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक किमतीला पडते. मुलाचा उत्साह दिवाळीच्या सुटीबरोबर ओसरणार आहे की टिकणार आहे, हे कळण्यापूर्वी एवढा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

आवड टिकली, की खरेदीच्या वेळी सर्वाधिक लक्ष रायफलच्या मापाकडे द्यावे. नवीन पालक नेमके येथेच चुकतात. ते बनावट पाहतात, नळी पाहतात, कोणत्या विजेत्याने कोणती रायफल वापरली हे विचारतात. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, अॅन्शुट्झ, स्टायर ही सर्व नावे भरवशाची आहेत आणि नवशिक्याच्या गुणांमध्ये त्यांच्यामुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो दस्त्याच्या लांबीमुळे. दस्ता लांब असेल तर लहान चणीचे मूल रायफल उचलण्यासाठी कंबरेतून मागे झुकते आणि तेच त्याच्या अंगवळणी पडते. वाढत्या वयात कण्यावर पडणारा हा ताण दुर्लक्षून चालत नाही. वजनाचेही तसेच आहे. १० मीटर एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. पण ती कमाल मर्यादा आहे, अपेक्षा नव्हे. तीस-पस्तीस किलोच्या मुलाने साडेपाच किलोची रायफल तासाभरात साठ वेळा उचलणे म्हणजे व्यायाम झाला, नेमबाजी नव्हे. कनिष्ठ गटासाठी आखूड दस्त्याच्या, सुमारे चार किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या रायफली मिळतात. ज्या रायफलचा दस्ता मागेपुढे सरकतो, गालाचा आधार वरखाली होतो आणि जिला पुढे वजने जोडता येतात, ती मुलाच्या उंचीबरोबर चार-पाच वर्षे सहज वाढते.

माप घेताना मुलाला सरावाचे जॅकेट घालूनच रायफल हाती द्यावी, कारण जाड कापडामुळे दस्त्याची आवश्यक लांबी कमी होते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावण्यास सांगावे आणि मग डोळे उघडण्यास सांगावे. मान न वाकवता साइटमधून सरळ दिसले तर माप योग्य समजावे. कोणता डोळा प्रबळ आहे हेही तपासावे. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताच्या रायफलवर 'सवय होईल' म्हणून बसवणे अन्यायाचे आहे. डाव्या हाताच्या दस्त्याची चौकशी आधीच करावी, कारण तो मागणीवरूनच मिळतो.

भारतातील पालकांपुढे आणखी एक पेच असतो, तो ओपन साइट आणि पीप साइट यांचा. उघड्या साइटच्या स्पर्धा देशात शालेय आणि राज्य पातळीवर होतात, त्यासाठीची देशी बनावटीची रायफल पुष्कळ स्वस्त पडते आणि अनेक मुले तेथूनच सुरुवात करतात. ऑलिंपिक प्रकारात मात्र पीप साइटच वापरतात. ज्या रायफलवर पुढे पीप साइट बसवता येईल अशीच ओपन साइटची रायफल घेतल्यास दुहेरी खर्च टळतो.

जुनी रायफल घेणे कमीपणाचे नाही. उलट पहिल्या खरेदीसाठी तो सर्वांत समंजस पर्याय आहे. मात्र हवेच्या सिलिंडरवरील तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सिलिंडरची मुदत अधिकाधिक दहा वर्षे असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सुमारे २०० बार दाबाखाली तो धोकादायकही ठरू शकतो. सिलिंडर भरून रात्रभर ठेवावा व सकाळी दाब पाहावा. काटा खाली आला असेल तर सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

पॉइंट टू टू रायफलकडे केव्हा वळावे, याचा निर्णय प्रशिक्षकाने घ्यावा. एअर रायफलवर उभ्याने सातत्यपूर्ण गुण मिळू लागले आणि गुडघ्यावर बसून व पालथे झोपून करावयाच्या नेमबाजीसाठी शरीर तयार झाले, की तो विषय काढता येतो. ५० मीटरची रेंज मोजक्याच ठिकाणी आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडीची रेंज हे त्यांतील प्रमुख ठिकाण. घरापासून अशी रेंज किती दूर आहे, हा प्रश्न रायफलच्या निवडीपेक्षा मोठा ठरतो. काडतुसांचा खर्चही पुढे रायफलच्या किमतीला मागे टाकतो. प्रत्येक नळीला विशिष्ट खेपेची काडतुसे मानवतात, त्यामुळे उच्च पातळीवरचे नेमबाज अनेक खेपा तपासून मगच साठा घेतात. नवशिक्याला त्याची गरज नाही. परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच काडतुसे घेता येतात, हे त्याने ध्यानात ठेवावे.

रायफल घरी आल्यावर ती कुलपात राहावी, काडतुसे किंवा छर्रे वेगळ्या कुलपात असावेत आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे असाव्यात. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल हे खेळणे ठरत नाही. जवळून लागलेला छर्रा डोळा निकामी करू शकतो. गच्चीवर पक्ष्यांवर नेम धरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा होऊ शकतो. रेंजवर नळीत सेफ्टी फ्लॅग घालण्याचा नियम घरीही पाळावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला डबा उघडू देऊ नये.