खडी : रस्त्याखालचा इतिहास

दख्खनच्या काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्टचे, हातोड्याने फोडलेले टोकदार तुकडे म्हणजे खडी. नदीच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेला गोटा मात्र खडी ठरत नाही, कारण रस्त्याला गोलाई नव्हे, तर एकमेकांत रुतून बसणाऱ्या कडा लागतात. हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॲडम याने रूढ केले आणि पुढे इंग्रजी अमदानीत ते महाराष्ट्रातही आले. येथे खडीच्या फटींत मुरूम, म्हणजे झिजलेल्या खडकाचा भरड चुरा, भरून वर पाणी मारून रूळ फिरवीत.

ही खडी फोडली कोणी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दगडकाम हा वडार समाजाचा पिढीजात व्यवसाय. परंतु 1876-78 च्या दुष्काळात शेती बुडालेले कुणबीही सरकारी कामांवर खडी फोडू लागले, आणि 1877 च्या आरंभी ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल याच्या धोरणाने मजुरी घटवली तेव्हा मुंबई इलाख्यात हजारोंनी कामे सोडली; त्यांची बाजू पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने मांडली. 1972 च्या दुष्काळातही बायाबापड्या उन्हात खडी फोडत बसल्या; 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांपर्यंत गेली. या अनुभवातूनच महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला, ज्यामुळे काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला.