कॅसेट डेक

कॅसेट डेक हे कॉम्पॅक्ट कॅसेटमधील चुंबकीय फितीवर ध्वनी मुद्रित करणारे व तो पुन्हा ऐकवणारे उपकरण आहे. साध्या टेपरेकॉर्डरप्रमाणे त्यात स्वतःचा स्पीकर नसतो. ते स्वतंत्र ॲम्प्लिफायरला जोडावे लागते. मराठी बोलण्यात मात्र ‘डेक’ हा शब्द संपूर्ण संगीतयंत्रणेसाठीही वापरला जातो.

इतिहास

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. तिच्या निर्मितीचे नेतृत्व लू ओटेन्स या अभियंत्याने केले. कॅसेटमधील फीत ३.८१ मिमी रुंद असून ती सेकंदाला केवळ ४.७६ सेंमी वेगाने सरकते. अरुंद फीत आणि मंद वेग यांमुळे आरंभीच्या मुद्रणात खरखर जास्त व उच्च स्वर कमी असत. १९७०च्या सुमारास डॉल्बी-बी ही खरखर कमी करणारी पद्धत व क्रोमियम डायऑक्साइडची फीत आल्यावर कॅसेट संगीतासाठी योग्य ठरली. जपानच्या नाकामिची कंपनीने १९७३ मध्ये तीन स्वतंत्र हेड असलेला ‘१०००’ हा डेक, तर १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ हा डेक बाजारात आणला. ‘ड्रॅगन’मध्ये हेडचा कोन फितीनुसार आपोआप जुळवला जाई.

महाराष्ट्रातील वापर

१९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे भारतातील संगीतव्यवसाय बदलला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात या बदलाचा अभ्यास केला आहे. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते आणि पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन कॅसेटद्वारे घरोघरी पोहोचले. तीर्थक्षेत्रांतील दुकानांत आरत्या व स्तोत्रांच्या कॅसेट विकल्या जात. याशिवाय खासगी मैफली, कीर्तने व घरातील वडीलधाऱ्यांचे आवाज हौशी लोकांनी मुद्रित केले. अशा मुद्रणांची अनेकदा एकच प्रत असते.

रचना व गुणवत्ता

डेकमध्ये फिरता धातूचा दांडा (कॅपस्टन) व त्यावर दाबला जाणारा रबरी रोलर मिळून फितीला स्थिर वेगाने ओढतात. हा वेग अस्थिर झाल्यास स्वर थरथरतो. तंबोऱ्यासारख्या सलग नादात हा दोष चटकन जाणवतो. तीन हेडच्या डेकमध्ये पुसणे, मुद्रण व वादन यांसाठी वेगवेगळी हेड असल्याने मुद्रण चालू असतानाच फितीवर उमटलेला ध्वनी ऐकून तपासता येतो. वादन हेडचा फितीशी असलेला कोन (ॲझिमथ) मुद्रणाच्या वेळच्या कोनाशी जुळला नाही, तर उच्च स्वर मंदावतात.

निगा

हेड व कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. रबरी रोलरवर मात्र त्याचा वारंवार वापर टाळतात. हेडमध्ये साचलेले चुंबकत्व ठरावीक काळाने काढावे लागते. डेक दीर्घकाळ बंद राहिल्यास रबरी पट्टे सैल किंवा चिकट होतात.

कोकणातील दमट हवा फितीला विशेष घातक ठरते. रायगड जिल्ह्यातील पालीसारख्या अतिपावसाच्या गावी पावसाळ्यात बंद कपाटातील कॅसेटवर पांढरी बुरशी येऊ शकते. अशी कॅसेट तशीच वाजवल्यास बुरशी डेकमध्ये जाते व तेथून इतर कॅसेटवर पसरते. म्हणून कॅसेट सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवतात. चुकून मुद्रण पुसले जाऊ नये यासाठी कॅसेटच्या मागील कडेच्या दोन्ही कळ्या तोडतात.

संवर्धनातील महत्त्व

जुन्या मुद्रणांचे डिजिटल रूपांतर करताना ध्वनीचा दर्जा संगणकाइतकाच डेकवरही अवलंबून असतो. फितीवरून नीट वाचला न गेलेला ध्वनी नंतरच्या संस्करणाने पूर्णपणे परत मिळत नाही. जीर्ण फीत एखाद्या वादनातही तुटू शकते. त्यामुळे एकमेव प्रत असलेली कॅसेट वाजवण्यापूर्वी डेक स्वच्छ करून तो दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या कॅसेटवर तपासून घेणे आवश्यक मानले जाते.