पटकी : जंतूचा चिकट थर, ताण व विष

पटकी म्हणजे व्हिब्रिओ कॉलरी या वक्र जंतूमुळे होणारा, दूषित पाण्यातून पसरणारा जुलाब-उलट्यांचा आजार. साथ आली की विहिरीत क्लोरीनयुक्त टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते, ते योग्यच. पण हा जंतू मोकळ्या पाण्यापेक्षा थर धरून अधिक टिकतो, हे गावपातळीवर फारसे सांगितले जात नाही.

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात पटकीची साथ आली. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी ही मेळघाटातील गावे आणि अमरावतीजवळचे नया अकोला तिच्या तडाख्यात सापडले. पाचडोंगरीत बिल थकल्याने नळयोजनेची वीज तोडली होती. लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. महिन्याच्या मध्यापर्यंत जिल्ह्यात १८१ रुग्ण व ५ मृत्यू नोंदले गेले.

शेवाळावर आणि पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांवर पटकीचे जंतू चिकटतात व भोवती शर्करायुक्त लेप तयार करतात. रांजणात आतून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा हाताला लागतो, तो निरनिराळ्या जंतूंच्या अशाच थराचा असतो. क्लोरीनने वरचे जंतू मरतात, आतले वाचू शकतात. थराचा कण पोटात गेला, तर जठरातल्या आम्लातूनही पुष्कळ जंतू जिवंत निसटतात. थंडी वा उपासमारीच्या ताणाखाली काही जंतू सुप्त होतात. जिवंत असूनही प्रयोगशाळेत वाढत नाहीत. म्हणून एकदा नमुना चांगला आला तरी विहीर निर्धोक झाली असे समजू नये.

लहान आतड्यात पोचल्यावर जंतू विष सोडतो. हे विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. या विषाने आतड्याच्या पेशींतून क्षार व पाणी बाहेर ओतले जाते आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. विषाचे जनुक मुळात एका जिवाणूभक्षक विषाणूचे आहे, हे १९९६ मध्ये उघड झाले. जंतूच्या डीएनएला इजा करणाऱ्या ताणाने हा विषाणू जागा होतो व दुसऱ्या जंतूंत शिरू शकतो. काही प्रतिजैविकेही असा ताण देतात. ती मनाने घेऊ नयेत.

तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये याच अमरावती जिल्ह्यातील मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला; त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. या आजारात ती सफाई पाण्याच्या भांड्याच्या तळापर्यंत पोचायला हवी. गाळ उपसणे, टाकीच्या भिंती घासणे, रांजण उन्हात कोरडा करणे ही कामे आधी. मग हजार लिटर पाण्याला २.५ ग्रॅम टीसीएल आणि तासाभराने पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी चाचणी. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आले. जुलाब लागलेल्या माणसाला मात्र पहिल्या तासापासून जलसंजीवनी द्यावी आणि दवाखान्यात न्यावे.