हॅडफील्डची कवटी: १८०० सालचा एक खटला

डोक्याला मार लागून वाचलेल्या माणसाबद्दल घरची माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "हा आता पूर्वीचा राहिला नाही." हातपाय धड असतात, बोलणं धड असतं, नावं-गावं आठवतात, पण माणूस बदललेला असतो. असा बदललेला माणूस आरोपी म्हणून कोर्टात उभा राहिला तर कायद्याने काय करायचं, हा आजचा आपला विषय. मेंदूच्या इजेचा इतिहास म्हटलं की फिनिअस गेज आणि त्याच्या डोक्यातून आरपार गेलेली पहार, ही १८४८ची गोष्ट सांगायची पद्धत आहे. ती आपण बाजूला ठेवू, कारण तिच्यात कोर्ट नाही. आपण जाऊ त्याच्याही अठ्ठेचाळीस वर्षं मागे, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात.

१५ मे १८००. तिसरा जॉर्ज राजा आपल्या कक्षात येऊन उभा राहिला आणि खालच्या प्रेक्षकांतून एकाने त्याच्यावर पिस्तूल झाडलं. नेम चुकला. राजा जागचा हलला नाही, नाटकही पूर्ण बघून गेला. पकडलेला माणूस होता जेम्स हॅडफील्ड, लष्करातून काढून टाकलेला घोडेस्वार. चौकशीला राजाचा मुलगा ड्यूक ऑफ यॉर्क आला, तेव्हा हॅडफील्डने त्याला ओळखलं आणि तुम्ही भले गृहस्थ आहात, असं वर सांगितलं. म्हणजे बघा, शुद्धीत होता, माणसं ओळखत होता, हातात पिस्तूल कशासाठी आहे तेही जाणत होता.

आता त्याचं डोकं. १७९४ साली फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत, तुर्कुआँजवळ, त्याच्या डोक्यावर आणि मानेवर तलवारीचे अनेक वार बसले होते. कवटी फुटली होती. मेला म्हणून टाकून दिलेला हा माणूस फ्रेंचांच्या इस्पितळात वाचला. त्या काळी अशा जखमेवर उपचार म्हणजे काय, तर हाडाचे तुकडे काढायचे, जखम धुवायची, बांधायची आणि वाट बघायची. जंतुसंसर्ग कशाने होतो हेच कुणाला माहीत नव्हतं. तरी तो वाचला. पण परत आला तो भ्रम घेऊन. जगाच्या उद्धारासाठी आपण मेलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढे ट्रूलॉक नावाच्या एका चांभाराने, ख्रिस्ताचं पुनरागमन जवळ आलंय असं सांगून, त्यात भर घातली. अडचण एवढीच की आत्महत्या पाप. मग दुसऱ्याच्या हातून मरायचं. राजावर गोळी झाडली की फाशी ठरलेलीच! गोळीबाराच्या एक-दोन दिवस आधी त्याने स्वतःच्या तान्ह्या मुलाला मारायचा प्रयत्न केला होता, हेही पुढे साक्षीत आलं. ज्यांच्या घरात असा माणूस असतो त्यांना हे ऐकून काय वाटेल, याचा आपण विचार करावा. त्या बायकोबद्दल इतिहासाची पुस्तकं फार बोलत नाहीत.

खटला २६ जूनला लॉर्ड केन्यन यांच्यासमोर उभा राहिला. इथे एक गंमत आहे. त्या काळच्या इंग्लंडात साध्या खुनाच्या आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करता येत नसे. राजद्रोहाच्या आरोपीला मात्र ती सवलत होती. म्हणजे हॅडफील्डने शेजाऱ्यावर गोळी झाडली असती, तर त्याची बाजू कुणी नीट मांडलीच नसती. राजावर झाडली, म्हणून त्याला थॉमस अर्स्किन मिळाला.

अर्स्किनसमोर पेच अवघड होता. जुन्या कायदेपंडितांचं म्हणणं असं, की वेडाची सबब चालायची असेल तर माणूस पूर्ण वेडा हवा. १७२४च्या एका खटल्यात तर न्यायाधीशाने रानटी जनावराची उपमा दिली होती. हॅडफील्ड तसा नव्हताच. त्याने योजना आखली होती, पिस्तूल मिळवलं होतं. अर्स्किन म्हणाला, असा पूर्ण वेडा जगात क्वचितच सापडेल. वेडाचं खरं लक्षण भ्रम आहे. आणि त्या भ्रमातूनच गुन्हा घडला का, एवढंच बघायचं. पण आमच्या मते खटला जिंकला तो या युक्तिवादाने जितका, तितकाच आरोपीच्या डोक्याने. हेन्री क्लाइन या शल्यविशारदाने साक्ष दिली की अशा जखमांनी मेंदूला इजा होते आणि तिच्यातून वेड उद्भवू शकतं. आणि अर्स्किनने ज्यूरीला सांगितलं, मेंदूवरचा पडदा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकता. मनाचा आजार असा बोटाने दाखवता आल्यावर कोण नाही म्हणणार? केन्यननी सगळ्या साक्षी संपेपर्यंत वाटच पाहिली नाही. निकाल: निर्दोष, कारण कृत्याच्या वेळी वेडाच्या अमलाखाली.

पण मग याला सोडायचं? नेमकं हेच सरकारला नको होतं, आणि कायद्यात त्याची नीट सोय नव्हती. सुमारे महिनाभरात पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने ठरवलं की वेडामुळे निर्दोष सुटलेल्याला राजाची मर्जी असेतोवर कोठडीत ठेवायचं; आणि तो मागच्या तारखेने हॅडफील्डलाही लागू केला. दुसऱ्याने राजाच्या जिवावरच्या हल्ल्यात, ज्या सवलतीमुळे अर्स्किन बोलू शकला, ती सवलतच काढून घेतली. पहिल्याची चर्चा सगळे करतात, दुसऱ्याची फार कमी. आम्हाला दुसरा जास्त बोलका वाटतो.

पुढे १८४३ साली मॅकनॉटनने पंतप्रधान पील समजून त्यांचा सचिव ड्रमंड याला गोळी घातली. तोही वेडामुळे सुटला, गदारोळ झाला, आणि न्यायाधीशांनी कसोटी आवळली: आपण काय करतोय, ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? भ्रम मागे पडला, 'कळणं' पुढे आलं. या कसोटीवर हॅडफील्ड बहुधा फासावर गेला असता. कारण त्याला सगळं कळत होतं. फाशी होणार हे कळलं म्हणूनच तर त्याने गोळी झाडली!

हीच कसोटी १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आपल्याकडे आली, आणि आज भारतीय न्याय संहितेत ती कलम २२ आहे. निर्दोष ठरूनही सुरक्षित ताब्यात ठेवायची तरतूदही आपल्या फौजदारी प्रक्रियेत आहे. आता विचार करा, मोटरसायकलवरून पडलेल्या, बाहेरून ओरखडाही नसलेल्या आणि कपाळामागच्या मेंदूला मार लागलेल्या माणसाचा. त्याला चूक-बरोबर विचाराल तर अचूक सांगेल. त्याला आवरता येत नाही, एवढंच. 'कळतं पण आवरत नाही' याला कलम ८४ मध्ये जागा नव्हती, आजही नाही. शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने विचार केला तर केला. नुकसानभरपाईच्या दाव्यातही तीच रड: मोडलेला पाय क्ष-किरणात दिसतो, मोडलेला स्वभाव दिसत नाही. मग शेजारीपाजारी आणि पूर्वीचा मालक यांच्या साक्षींवर येऊन ठेपतं.

हॅडफील्ड १८०२ मध्ये वेड्यांच्या बेथलेम इस्पितळातून पळाला, डोव्हर बंदरापर्यंत पोचला आणि पकडला गेला. मग न्यूगेटचा तुरुंग, आणि १८१६ पासून पुन्हा बेथलेम, नव्या इमारतीत. तिथेच १८४१ साली क्षयाने गेला. निर्दोष सुटल्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी. त्या इमारतीचा मधला भाग अजून उभा आहे. लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम आता तिथे आहे. प्रश्न असतील तर घेऊ.