अपक्ष निवडून आले, पण गट कोणाचा?

निकाल लागला की 'अपक्षांची मुसंडी' असा मथळा येतो. ग्रामपंचायतीत त्याला अर्थ नाही, कारण तिथे पक्षचिन्हावर निवडणूक होतच नाही. नगरपरिषद आणि महापालिकेत मात्र अपक्ष म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना नेमके माहीत हवे.

खान्देशात पक्षाबाहेरची सत्ता नवी नाही. 2013 च्या जळगाव महापालिका निवडणुकीत 75 पैकी 33 जागा सुरेश जैन यांच्या खान्देश विकास आघाडीने घेतल्या. 2018 मध्ये चित्र पालटले. जळगावात भाजप 57 वर गेला, धुळ्यात 74 पैकी 50 वर. तरी मार्च 2021 मध्ये जळगावच्या महापौरपदी शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी निवडून आल्या. 57 नगरसेवकांच्या पक्षाला 30 मते! चिन्हावर निवडून आलेलेही फुटतात. तेव्हा बेभरवशाचे फक्त अपक्षच, असे आम्ही मानत नाही.

आता कायदा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांसाठी 1986 चा वेगळा पक्षांतरबंदी कायदा आहे. अपक्ष सदस्य निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेला तर तो अपात्र ठरू शकतो. पण एक दार उघडे ठेवले आहे: निकाल राजपत्रात आल्यापासून एका महिन्याच्या आत आघाडी किंवा गट नोंदवता येतो. महापालिकेचा गट विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला, नगरपरिषदेचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. एकदा नोंद झाली की गटाचा व्हीप लागू. वस्तीने निवडून दिलेला 'आपला माणूस' त्या दिवसापासून गटनेत्याच्या आदेशाने हात वर करतो.

मग गटात जाऊच नये का? तसेही नाही. महापालिकेच्या स्थायी समितीत 16 जागा असतात आणि त्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. 75 च्या सभागृहात साधारण पाच नगरसेवकांमागे एक जागा येते. एकट्या अपक्षाला खर्च मंजूर करणाऱ्या या समितीत जागा मिळणे अवघडच. दलित वस्ती सुधारणेची कामे, गटारी, अभ्यासिका यांच्या निविदा तिथूनच पुढे सरकतात.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये काढलेल्या पक्षाच्या नावात 'स्वतंत्र' होते, पण स्वतंत्र मजूर पक्ष हा सुट्या उमेदवारांचा जमाव नव्हता. त्याला जाहीरनामा होता. आपल्या वॉर्डातल्या अपक्षांकडे तो क्वचितच असतो, असतो तो बॅनर.

म्हणून सत्काराच्या हारापेक्षा तो एक महिना महत्त्वाचा. राखीव जागेवरून आलेल्या अपक्षाला वस्तीच्या बैठकीत बोलवा. कोणत्या गटात, कोणत्या अटीवर, कोणती समिती मागणार, हे सगळ्यांसमोर विचारा आणि लिहून घ्या. तो नाशिकला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात सही करायला निघण्याआधी हे व्हायला हवे. नंतर माहिती अधिकारात गटनोंदणीची प्रत मिळेल, पण तोवर सही झालेली असेल.