दयेचे पोस्टर आणि खेळाची जाहिरात

३ फेब्रुवारी २०१९, रविवार. अमेरिकेतील अटलांटा शहरात ‘सुपर बोल’ हा त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता. या सामन्याच्या मध्यंतरांत दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींची तिकडे सामन्याइतकीच चर्चा होते. त्या वर्षी अर्ध्या मिनिटाचा दर पन्नास लाख डॉलरच्या वर गेला होता. त्या महाग वेळातले एक मिनिट मायक्रोसॉफ्ट कंपनीने घेतले आणि पडद्यावर आणली ती अपंग मुले. कुणाचे हात पूर्ण वाढलेले नव्हते, कुणाची बोटे वळत नव्हती. ती आपापल्या घरात बसून व्हिडिओ गेम खेळत होती. त्यांच्या पुढ्यात एक सपाट पांढरी पेटी होती. तिच्यावर दोन मोठी, गोल, काळी बटणे. कोपराने दाबावीत, पायाने दाबावीत, जमेल तशी दाबावीत. सगळे खेळतात तेव्हा आपण सगळेच जिंकतो, असा जाहिरातीचा शेवट होता.

प्रिय वाचकहो, सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. मी येथे जुनाच ‘अपंग’ हा शब्द वापरतो, कारण ज्या काळाविषयी लिहायचे आहे त्या काळाने तोच वापरला. आणि त्या एका मिनिटाचे मोल समजायचे तर त्या काळाकडे वळावे लागते.

अपंग मूल जाहिरातीत पूर्वीही होते, परंतु ते देणगी मागण्यासाठी. पोलिओच्या निर्मूलनासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३८ साली एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. ‘मार्च ऑफ डाइम्स’ या नावाने तिची देणगीमोहीम घरोघर पोहोचली. १९४६ साली या मोहिमेने एका लहान मुलाचे पोस्टर काढले. त्यात एकाच मुलाची दोन चित्रे होती: एकात तो पट्ट्यांत जखडून खाटेवर उभा, दुसऱ्यात नीटनेटके कपडे घालून चालत येणारा. त्या पैशातून लस आली, असंख्य मुले वाचली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि त्या पोस्टरने एक सवयही लावली. अपंग मूल पाहिले की पाहणाऱ्याचा हात खिशाकडे जावा आणि डोळे पाणावावेत. त्या मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे विचारायचे कारणच उरले नाही. खुद्द रूझवेल्ट १९२१ पासून पायांनी अधू होते. पण चाकाच्या खुर्चीतले आपले छायाचित्र लोकांपुढे येऊ नये याची ते काळजी घेत. पोस्टरवर जे चित्र चालते ते सत्ताधाऱ्याला चालत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक असावे.

मग घरोघरी व्हिडिओ गेम आले. त्यांच्या जाहिरातींत दयाही नव्हती. तेथे अपंग माणूसच नव्हता. खेळणारा म्हणजे दोन्ही अंगठे चपळाईने चालवणारा धडधाकट मुलगा, हे गृहीतच धरलेले होते. अपंगांसाठी साधन बनतच नव्हते असे मात्र नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८९ साली हातांचा उपयोग न करता खेळता येईल असे एक साधन अमेरिकेत काढले. ते छातीवर बांधायचे. हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीतून हवा ओढून किंवा फुंकून बटणांचे काम करायचे. परंतु ते दुकानाच्या फळीवर आले नाही. ज्याला हवे त्याने कंपनीच्या ग्राहकसेवेकडे दूरध्वनी करून मागवायचे. वस्तू होती, गिऱ्हाईकही होते. दोघांना समोरासमोर आणणारे दुकान मात्र नव्हते. मला या इतिहासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. दार उघडे होते, पण ते मागचे दार होते.

ते पुढच्या बाजूला यायला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि पहिला धक्का बाहेरून आला. ‘वॉरफायटर एंगेज्ड’ ही संस्था युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी खेळाची साधने हाताने बदलून देत असे. तिने बनवलेल्या एका साधनाचे छायाचित्र २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याच्या पाहण्यात आले. पुढच्या वर्षी कंपनीतल्या काही मंडळींनी पहिला नमुना जुळवला. ‘एबलगेमर्स’, इंग्लंडमधील ‘स्पेशलइफेक्ट’ अशा संस्थांचा सल्ला घेण्यात आला. सप्टेंबर २०१८ मध्ये पेटी बाजारात आली. ज्याला जे बटण, पेडल वा दांडी सोयीची, ती जोडण्यासाठी तिच्या मागे एकोणीस खाचा आहेत. ती ज्या खोक्यातून येते ते खोकेही दात न लावता उघडता यावे अशा बेताने, ओढायच्या कड्या लावून केलेले आहे. अपंग माणसाला खोके दातांनी फाडावे लागते, हे धडधाकट माणसाला कोणीतरी सांगावे लागते.

आता पुन्हा त्या जाहिरातीकडे. ती आमच्या एका युवकाने मला दाखवली तेव्हा माझे डोळे भरून आले. आणि नंतर मी त्या डोळ्यांविषयीच शंकित झालो. स्टेला यंग नावाची एक ऑस्ट्रेलियन पत्रकार होती. स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणारी. २०१४ मध्ये ती वारली. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कोणी तिला पुरस्कार द्यायचे ठरवले, तेव्हा तिच्या आईवडिलांनी विचारले, हिने विशेष असे केले तरी काय आहे? इतरांना स्फूर्ती मिळावी म्हणून अपंगांचा वापर करण्याला तिने जे नाव दिले ते या पानांवर छापण्यासारखे नाही, पण आरोप खरा आहे. आमच्या धर्मग्रामाच्या एका स्नेहसंमेलनात मीच एका अधू मुलाला व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्याने काय केले होते? तो आला होता, एवढेच. त्याने माझ्याकडे पाहिले ते मला अजून आठवते.

त्या मोजपट्टीने पाहता, सुपर बोलच्या जाहिरातीत आईवडिलांचा कंठ दाटतो तो भाग जुन्या पोस्टरच्या जवळ जातो. त्याच कंपनीची २०१८ च्या नाताळातली जाहिरात मला अधिक सच्ची वाटते. तीत गल्लीतली मुले एकमेकांना हाका मारत एका घराकडे धावत सुटतात. काय झाले ते आपल्याला कळत नाही. घरात पोहोचल्यावर दिसते की त्यांचा एक मित्र खेळाच्या अवघड टप्प्यावर आहे, आणि सगळे त्याच्याभोवती श्वास रोखून उभे आहेत. पांढरी पेटी आपल्या लक्षात येते ती त्यानंतर. येथे मुले आली आहेत ती त्याचा डाव पाहायला.

जाहिरातक्षेत्राने या मोहिमेला २०१९ मध्ये फ्रान्समधील कान येथे एक सर्वोच्च पारितोषिक दिले. बाजारही मागोमाग आला. सोनी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपले असेच साधन विक्रीला आणले, आणि ते दुकानात.

एक गोष्ट मात्र त्या एका मिनिटात आली नाही. पेटीची किंमत शंभर डॉलर होती. तिला जोडायची बटणे वेगळी विकत घ्यायची. लॉजिटेक या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये बारा बटणे व कळांचा संच काढला तेव्हा त्याचीही किंमत शंभर डॉलरच ठेवली, आणि तो स्वस्त म्हणून वाखाणला गेला. म्हणजे दोनशे डॉलर झाले. मूळ खेळाचे यंत्र निराळे. धडधाकट मुलाला ते यंत्र घेताना कंट्रोलर खोक्यातच मिळतो.